गल्लीतलं त्रासदायक पार्किंग: कोणती तक्रार कुणाकडे न्यायची

‘गेटसमोर गाडी लावल्यास हवा सोडण्यात येईल’ ही पाटी पुण्यात कुणी वाचली नसेल असं होणार नाही. पाटी लावणाऱ्याची चीड खरी असते, पण हवा सोडली की त्याच क्षणी बाजू उलटते. ज्याने गाडी आडवी लावली तो तक्रारदार होतो आणि तुम्ही आरोपी. टायर कापणं, आरसा मोडणं, रंगावर किल्लीने ओरखडे काढणं हे भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२४ खाली आगळीकीचे गुन्हे आहेत, आणि समोरच्या इमारतीच्या सीसीटीव्हीत तुमचा चेहरा त्याच्या नंबरप्लेटपेक्षा स्पष्ट दिसतो.

सोसायटीच्या कमिटीत असल्यामुळे आमच्या गल्लीपुरती ही सगळी कामं मी केली आहेत. अर्ज, पोच, चकरा, पाहणी, हरकती, सगळं. लिहिलंय ते पुण्याच्या हिशेबाने. कायदा सगळीकडे तोच, दुसऱ्या शहरात कार्यालयांची नावं तेवढी बदलतील. एक गोष्ट सुरुवातीलाच सांगतो: बहुतेक तक्रारी चुकीच्या टेबलावर गेल्यामुळे मरतात. त्यामुळे पहिल्या दोन पायऱ्या कंटाळवाण्या वाटल्या तरी गाळू नका.

१. त्रास नेमका कसला आहे ते ठरवा

‘पार्किंगचा त्रास’ या एका नावाखाली वेगवेगळी दुखणी येतात, आणि प्रत्येकाचं औषध निराळं.

गेट आत्ता, या क्षणी अडलंय आणि गाडी बाहेर काढता येत नाही, हा तातडीचा अडथळा. वळणावर, फुटपाथवर किंवा दोन्ही कडांना रोज गाड्या लागतात आणि मधून रिक्षासुद्धा निघत नाही, हा रस्त्याच्या व्यवस्थेचा प्रश्न. चाकं जमिनीत रुतलेली, काचांवर बोटाने नावं लिहिता येतील इतकी धूळ बसलेली गाडी म्हणजे बेवारस वाहन. आणि मंगल कार्यालय, क्लासेस, हॉस्पिटल किंवा हॉटेलची गर्दी तुमच्या गल्लीत ओसंडते, तेव्हा गाड्या हे फक्त लक्षण असतं.

पाचवा प्रकार सर्वात जास्त ऐकू येतो: ‘आमच्या घरासमोर कुणीतरी गाडी लावतो.’ गाडी गेटसमोर नाही, कंपाउंडच्या भिंतीसमोर आहे, नो पार्किंग नाही, रस्ता पुरेसा रुंद आहे, तर तुमची तक्रारच होत नाही. घरासमोरचा रस्ता घरमालकाचा नसतो. वीस वर्षं तिथे तुमचीच गाडी लागत असली तरी हक्क तयार होत नाही. कुंड्या, दगड, सिमेंट भरलेले डबे, साखळ्या, जुनी स्कूटर ठेवून जागा ‘धरणं’ हे उलट तुमचंच अतिक्रमण ठरतं, आणि महापालिकेचं पथक आलं तर आधी तुमच्या कुंड्या उचलेल. स्वतः रंगवून लावलेल्या ‘नो पार्किंग’च्या पाटीलाही कायद्याचं बळ नाही. गेटवर ती विनंती म्हणून जरूर ठेवा, दंडाचा आधार म्हणून नाही.

२. रस्ता कुणाचा ते पाहा

वाहतूक पोलिसांचं काम सार्वजनिक रस्त्यावर. सोसायटीच्या गेटच्या आतल्या भांडणात ते पडत नाहीत. तिथे सोसायटीचे उपविधी, कमिटीचा ठराव, सर्वसाधारण सभा आणि शेवटी उपनिबंधक किंवा सहकार न्यायालय, असा मार्ग.

अडचण होते ती मधल्या प्रकारात. जुन्या लेआउटमधला अंतर्गत रस्ता सगळे वापरतात, पण तो महापालिकेकडे हस्तांतरित झालेला नसतो. मग पोलीस म्हणतात ‘खासगी आहे’, महापालिका म्हणते ‘आमच्या यादीत नाही’, आणि तुम्ही दोन खिडक्यांमध्ये फिरत राहता. महापालिकेच्या क्षेत्रीय कार्यालयात किंवा पथ विभागात (म्हणजे रस्त्यांच्या विभागात) आधी एवढंच विचारा: हा रस्ता पालिकेच्या ताब्यात आहे का, आणि त्याची नोंदलेली रुंदी किती? उत्तर लेखी मिळालं तर उत्तम. रुंदीचा आकडा पुढे कामाला येतो.

३. कायदा थोडक्यात

मोटार वाहन (चालन) विनियम, २०१७ प्रमाणे फुटपाथवर, झेब्रा क्रॉसिंगवर, एखाद्या मालमत्तेच्या प्रवेशद्वारासमोर, किंवा आधीच उभ्या असलेल्या गाडीच्या शेजारी दुसरी गाडी लावून पार्किंग करता येत नाही. याला वेगळ्या पाटीची गरज नाही. म्हणजे गेट अडलं असेल तर ‘इथे नो पार्किंग कुठे लिहिलंय?’ हा प्रश्न बाद.

मोटार वाहन कायदा, १९८८ चं कलम १२७ गाडी उचलण्याचं किंवा जॅमर लावण्याचं. पार्किंगला मनाई असलेल्या जागी लावलेली किंवा सार्वजनिक ठिकाणी दहा तास वा जास्त बेवारस सोडलेली गाडी हलवण्याचा आदेश गणवेशातला पोलीस अधिकारी देऊ शकतो, आणि टोइंगचा खर्च मालकाच्या माथी. ‘दहा तास’ हे शब्द वाचून हुरळून जाऊ नका. रात्रभर लावलेली प्रत्येक गाडी यात धरली तर निम्मं शहर उचलावं लागेल.

नो पार्किंगचा दंड महाराष्ट्रात पहिल्यांदा ५०० रुपये, पुन्हा केल्यास १,५००. सार्वजनिक वाटेत अडथळा केल्याबद्दल न्याय संहितेचं कलम २८५ आहे, त्यात ५,००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. ते कलम अर्जात लिहायला ठीक, रोजच्या कारवाईत चालतं ते ई-चलनच.

४. फोटो काढा, आणि टेपही काढा

तक्रारीचा फोटो म्हणजे गाडीचा फोटो नव्हे. एकाच चौकटीत नंबरप्लेट आणि मोडलेला नियम दोन्ही दिसले पाहिजेत: प्लेट आणि तुमचं गेट, प्लेट आणि फुटपाथ, प्लेट आणि नो पार्किंगची पाटी. नुसत्या बॉनेटच्या फोटोवरून कुणीही चलन करत नाही. तारीख, वेळ आणि ठिकाण छापणारा जीपीएस कॅमेरा ॲप वापरा. रोजचा त्रास असेल तर वेगवेगळ्या वारांचे, वेगवेगळ्या वेळांचे फोटो ठेवा. सगळे रविवारचे असतील तर ‘रविवारी असतंच’ असं ऐकून घ्यावं लागतं.

टेपचं कारण पुढे. रस्त्याची रुंदी मोजा, दोन्ही बाजूंना गाड्या लागल्यावर मधे किती उरतं तेही मोजा. ६ मीटरची गल्ली घ्या. छोटी मोटार १.६ ते १.७ मीटर रुंद, एसयूव्ही १.८ च्या आसपास. आरसा आणि भिंतीपासून सोडलेलं अंतर धरलं तर एक गाडी सहज २ मीटर खाते. दोन्ही बाजूंच्या मिळून ४ गेले, उरले २. अग्निशमन दलाचा बंब अडीच मीटरच्या घरात असतो. म्हणजे तो आत येणारच नाही. हेच गणित एका बाजूच्या पार्किंगला केलं तर ४ मीटर उरतात आणि बंब आरामात जातो.

अर्जात ‘प्रचंड गैरसोय होते’ असं दहा वेळा लिहिण्यापेक्षा या चार ओळी लिहा. ‘त्रास’ या शब्दावर अधिकारी वाद घालू शकतो, टेपवर नाही.

५. बोलून पाहा, पण रीतीने

अनेक गाड्या इथेच हलतात. ‘काका, ही गाडी आपली का? आमचं गेट अडलंय, जरा पुढे घेता का?’ एवढं पुरतं. आवाज चढवायचा नाही, व्हिडिओ काढत बोलायचं नाही. गाडी कुणाची ते माहीत नसेल तर वायपरखाली चिठ्ठी ठेवा, काचेला चिकटवू नका. गोंदाचा डाग राहिला की मूळ विषय बाजूला पडतो आणि भांडण डागावर येतं.

एम-परिवहन ॲपमध्ये नंबर टाकून मालकाचा पत्ता मिळेल अशी आशा धरू नका. नावसुद्धा अर्धं झाकलेलं दिसतं. एजंटाकडून पत्ता काढून थेट दारात जाणाऱ्यांच्या वाटेला तर जाऊच नका. आसपासच्या वॉचमनना मात्र विचारा. कोणती गाडी कुणाकडे येते, किती वाजता जाते, हे त्यांना तोंडपाठ असतं.

६. गेट अडलंय आणि आत्ताच निघायचंय

शहराच्या वाहतूक नियंत्रण कक्षाला फोन करा. घरात आजारी माणूस असेल, रुग्णवाहिका अडली असेल तर सरळ ११२. फोनवर कहाणी सांगू नका. रस्त्याचं नाव, जवळची ठळक खूण, गाडीचा नंबर आणि रंग, ‘गेट पूर्ण बंद आहे’ हे एक वाक्य, बस. फोन उचलणाऱ्याचं नाव आणि वेळ टिपून ठेवा.

तातडी नसेल, पण चलन व्हावं असं वाटत असेल तर ॲपवरून तक्रार करा. राज्याचं महाट्रॅफिक ॲप आहे, पुण्यात २०२५ पासून पोलिसांचं पीटीपी ट्रॅफिकॉपही आहे. सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फोटो टाकून ‘कुणीतरी बघा रे’ म्हटल्याने काही होत नाही, आणि नगरसेवकाला फॉरवर्ड केलेला फोटोही तक्रार म्हणून नोंदला जात नाही.

टोइंगची गाडी आली की लगेच खाली धावू नका. मालक आणि टोइंगवाले यांच्यात जे व्हायचं ते होऊ द्या. तुम्ही तिथे हात बांधून उभे दिसलात की पुढची कित्येक वर्षं तो माणूस तुमच्याकडे त्याच नजरेने बघणार.

७. कायमचा उपाय: वाहतूक शाखेकडे अर्ज

खरं काम इथे आहे. टोइंगने एक दुपार सुटते. अधिसूचना निघून पाटी लागली तर गल्ली सुटते.

मागायचं काय ते आधी ठरवा, आणि मोघम ‘कारवाई करावी’ असं मागू नका. तीन गोष्टी मागता येतात. एक, ठरावीक तुकड्यावर नो पार्किंग, उदाहरणार्थ वळणाच्या दोन्ही बाजूंना. दोन, फक्त एका बाजूला पार्किंग. तीन, पी-१ पी-२, म्हणजे सम तारखेला एक बाजू, विषम तारखेला दुसरी. तिसरा पर्याय न्याय्य वाटतो, कारण दोन्ही बाजूंच्या घरांना त्रास सारखा वाटला जातो. पण ३१ तारीख आणि पुढची १ या दोन्ही विषम, त्यामुळे महिना बदलताना लोक हमखास गोंधळतात, आणि रोज रात्री गाडी हलवायची शिस्त ज्येष्ठ नागरिकांच्या गल्लीत टिकत नाही. अरुंद गल्लीला माझं मत एका बाजूच्या पार्किंगला.

यात एक गोम आहे. गल्लीतले सगळे एका मताचे नसतात. ज्यांच्याकडे आत जागा नाही त्यांच्या गाड्याही याच रस्त्यावर लागतात, आणि पाटी लागली की दंड त्यांनाही. अर्जाआधी त्यांना बोलवा. नाहीतर हरकत घेणारा पहिला माणूस तुमच्याच जिन्यातला असेल.

सोबत काय न्यायचं:

- रहिवाशांच्या सह्यांचा अर्ज (नाव, घर क्रमांक, सही, दोन्ही बाजूंची घरं हवीत)
- सोसायट्यांच्या लेटरहेडवर कमिटीचा ठराव किंवा पत्र
- गल्लीचा हाताने काढलेला नकाशा: दोन्ही टोकांचे चौक, गेटं, वळण, विजेचे खांब, मोजलेली रुंदी
- तारीख-वेळेसह निवडक फोटो, कागदावर छापलेले
- रस्ता महापालिकेकडे असल्याचं काही लेखी असेल तर त्याची प्रत
- बंब आत येऊ शकत नाही असं जवळच्या अग्निशमन केंद्राला दिलेल्या पत्राची पोच

अर्जाचा मजकूर एवढाच पुरे:

*प्रति, मा. पोलीस उपायुक्त, वाहतूक शाखा, पुणे शहर.*
*विषय: (अमुक चौक) ते (अमुक सोसायटी) या रस्त्यावर उत्तर बाजूस नो पार्किंग जाहीर करणेबाबत.*
*महोदय, वरील रस्त्याची प्रत्यक्ष रुंदी ६ मीटर आहे. दोन्ही बाजूंस वाहने उभी राहिल्यावर मधे सुमारे २ मीटर जागा उरते. रुग्णवाहिका व अग्निशमन वाहन आत येऊ शकत नाही. उत्तर बाजूस (इतकी) प्रवेशद्वारे असल्याने त्या बाजूस नो पार्किंग करावे, दक्षिण बाजूस पार्किंग चालू ठेवावे, ही विनंती. कृपया प्रत्यक्ष पाहणी करावी. पाहणीच्या वेळी आम्ही हजर राहू.*

प्रत तुमच्या भागातल्या वाहतूक विभागाच्या निरीक्षकांना आणि क्षेत्रीय कार्यालयाला. प्रत्येक ठिकाणी स्वतःच्या प्रतीवर शिक्का आणि आवक क्रमांक घ्या. पोच नाही तर अर्ज दिलाच नाही असं समजा. ‘साहेब बाहेर गेलेत, ठेवून जा’ म्हटलं तरी आवक-जावकच्या टेबलावर अर्ज घेतात, तिथे द्या.

पुढचा क्रम साधारण असा. उपायुक्तांकडून अर्ज स्थानिक विभागाकडे अभिप्रायाला येतो. तिथला अधिकारी पाहणी करतो, अहवाल वर जातो. मग तात्पुरता आदेश निघतो, नागरिकांच्या हरकती-सूचना मागवतात आणि त्यानंतर अंतिम आदेश. पाहणी दुपारी बाराला झाली तर गल्ली रिकामी दिसते आणि अहवालात ‘वाहतूक सुरळीत’ असं येतं. म्हणून गर्दीची वेळ अर्जातच लिहा, आणि पाहणीला येणाऱ्या अंमलदाराचा फोन आला की त्या वेळेचा आग्रह धरा. टेप घेऊन बरोबर उभे राहा.

हरकतींच्या मुदतीत समर्थनाची पत्रंही देता येतात. हे फार थोड्यांना सुचतं. विरोधक लिहितात, समर्थक गृहीत धरतात.

८. धूळ खात पडलेली गाडी

ही तक्रार महापालिकेच्या अतिक्रमण विभागाकडे, क्षेत्रीय कार्यालयामार्फत. ‘पीएमसी केअर’ ॲपवरही करता येते. पथक गाडीवर नोटीस चिकटवतं, मुदतीत मालकाने हलवली नाही तर उचलतं. एकच काळजी: मालक परगावी असलेली चालू गाडी आणि टाकून दिलेली गाडी यात फरक करा. टायर बसलेत का, नंबरप्लेट आहे का, खाली गवत उगवलंय का, हे फोटोत दाखवा. नंबरप्लेटच नसेल तर आधी पोलीस चौकीत कळवा. चोरीची गाडी असू शकते.

९. गर्दीचा उगम शोधा

मुहूर्ताच्या दिवशी गल्लीत वऱ्हाडाच्या गाड्या, संध्याकाळी क्लाससमोर स्कूटरांची रांग. इथे गाड्यांमागे धावून काही उपयोग नाही, कारण रोज गाड्या नव्या असतात. जागा चालवणाऱ्याला धरा.

व्यावसायिक इमारतीचा नकाशा मंजूर होताना त्यात पार्किंग दाखवावंच लागतं. पुढे त्याच पार्किंगमध्ये स्वयंपाकघर येतं, खुर्च्यांचं गोदाम येतं, पत्रा मारून आणखी दोन गाळे निघतात. आमच्या मागच्या एका कार्यालयात ‘पार्किंग’ लिहिलेल्या कमानीखाली भट्ट्या पेटलेल्या असायच्या आणि पाहुण्यांच्या गाड्या आमच्या फुटपाथवर. कमानीवरची अक्षरं तेवढी नेमाने रंगवलेली.

अशा वेळी बांधकाम विभागाकडे माहिती अधिकाराचा अर्ज करा. शुल्क १० रुपये, कोर्ट फी स्टॅम्प चालतो, उत्तराची मुदत ३० दिवस. महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय आणि मजकूर १५० शब्दांत, हे विसरलात तर अर्ज त्याच कारणाने परत येतो. मागायचं: अमुक मिळकतीचा मंजूर नकाशा, त्यात दाखवलेली पार्किंगची जागा आणि भोगवटा पत्र. नक्कल द्यायला टाळाटाळ झाली तर फाइलचं अवलोकन मागा. बसून बघा, टिपून घ्या. उत्तरच आलं नाही तर ती मुदत संपल्यापासून ३० दिवसांत पहिलं अपील, शुल्क २० रुपये.

नकाशात पार्किंग आणि जागेवर भटारखाना असेल तर तो मंजुरीबाहेरचा वापर आहे. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ खाली बांधकाम विभाग त्याला नोटीस काढू शकतो. तक्रारीत ‘गाड्यांचा त्रास’ हा मुद्दा दुसरा ठेवा, ‘मंजूर पार्किंगचा अन्य वापर’ हा पहिला. विभागाचं काम पहिल्याचं आहे, दुसऱ्याचं नाही. विषयाच्या ओळीत तर फक्त नकाशाच येऊ द्या.

हे हत्यार उगारण्याआधी स्वतःच्या सोसायटीचा नकाशाही एकदा उघडून बघा. स्टिल्टमधलं (इमारतीखाली खांबांमधल्या मोकळ्या जागेतलं) पार्किंग बंद करून ऑफिस किंवा जिम केली असेल, किंवा ‘पाहुण्यांना आत प्रवेश नाही’ अशी पाटी असेल, तर समोरचा वकील पहिला प्रश्न तोच विचारेल. आणि प्रश्न रास्तही आहे. आपले पाहुणे रस्त्यावर आणि दुसऱ्याचे पाहुणे म्हणजे उपद्रव, हे कुठल्याच टेबलावर टिकत नाही.

१०. आदेश निघाल्यावर

आदेश निघाला म्हणजे पाटी लागली असं नाही. आदेश पोलिसांचा, पाटी आणि पट्टे महापालिकेचे. आदेशाची प्रत घेऊन पथ विभागात वेगळं पत्र द्या, नाहीतर कागद तिकडे पोचलाय की नाही याचा पत्ताच लागत नाही. पाटी झाडामागे किंवा फ्लेक्सच्या आड बसवत असतील तर तिथल्या तिथे सांगा, खांब एकदा रोवला की हलत नाही.

पहिले काही दिवस जुन्या सवयीच्या गाड्या येणारच. त्यांना चलन लागण्याआधी चिठ्ठ्या वाटा, विशेषतः दूधवाले, कुरिअरवाले आणि घरकाम करणाऱ्या मावशींच्या स्कूटरना. मग वाहतूक विभागाला फोन करून सुरुवातीच्या आठवड्यात एखादी फेरी मारायला सांगा.

शेजारच्या गल्लीचंही बघा. इथून उठलेल्या गाड्या तिथे जाऊन बसतात, आणि त्यांचा अर्ज तुमच्या आदेशाविरुद्ध जाऊ शकतो. जमलं तर दोन्ही गल्ल्यांचा अर्ज मुळात एकत्रच द्या. पाहणीला एकच माणूस येतो, दोन्ही एका फेरीत उरकतात.